त्या शनिवारचा विस्तव

एल्सा, तुला घेऊन गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली त्याला अजून आठवडाही झाला नाही. यानचा फोन आला होता. तुझा नवरा फोनवर बोलायला लागला आणि दोन वाक्यांत रडायलाच लागला, मग मीही. त्याचं इंग्रजी मला एरवीसुद्धा अर्धंच कळायचं, रडताना तर काहीच कळलं नाही. तुला तुझ्या गावी पुरलं, तिथे वारा होता, एवढं समजलं. इकडे मुकुटबनात लोक "बाई चांगली होती" असं म्हणायला लागलेत. माणूस मेलं की लगेच चांगलं होतं. तू जिवंत असताना यातल्या निम्म्यांनी तुला काय काय नावं ठेवली ते मी ऐकलंय, आणि तूही ऐकलंयस, कारण माझ्याच ओट्यावर बसून तू वऱ्हाडी शिकलीस आणि शिव्या सगळ्यात आधी शिकलीस.

म्हणून मी तुझ्याबद्दल कोणाशी बोलत नाही. तुझ्याशीच बोलते. आपलं एक भांडण अजून मिटलेलं नाही. आणि मागच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या सुमनच्या मनात तुझ्याबद्दल काय आहे, हे तू मला इतकी वर्षं विचारत होतीस, त्याचं उत्तर तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मला मिळालं. एक दिवस! एवढी घाई कशाला केलीस गं?

तुम्ही आलात तेव्हा शेजारीच आमचं नवं घर बांधून रिकामं पडलेलं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि त्याला मुकुटबन नकोसं झालं. खाणीवर मोठी यंत्रं बसवायला दक्षिण आफ्रिकेची माणसं येणार, त्यांना घरं पाहिजेत, असं कळल्यावर आमच्या ह्यांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. आफ्रिका म्हटल्यावर सासूबाईंनी मनाशी जे चित्र रंगवलं होतं त्यात तू कुठे बसतच नव्हतीस. गोरी, गालावर उन्हाचे डाग, केस शेणाने सारवल्यासारखे चापून बसवलेले, आणि पायात काही नाही. भर उन्हात गाडीतून अनवाणी उतरलीस आणि तशीच अंगणभर फिरलीस. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "गरीब दिसते वं बाई. चपला नाईत." संध्याकाळी त्यांनी त्यांची जुनी चप्पल तुझ्या दारात ठेवली होती. तू ती ठेवून घेतलीस, घातली मात्र कधी नाहीस.

पहिल्याच शनिवारी तू आम्हाला जेवायला बोलावलंस आणि खाणीवरच्या दुभाष्याकडून निरोप पाठवलास की येताना तुमचं मटण घेऊन या. माझं डोकं फिरलं. एक तर शनिवार, मारुतीचा वार, आमच्या घरात अंडं फुटत नाही. त्यात पाहुण्याला बोलवायचं आणि सांगायचं तुमचं तुम्ही आणा! आमच्याकडे कोणी असं केलं तर त्याच्या पोरीचं लग्न जमायचं नाही. मग कळलं की तुमच्यात तसंच असतं. प्रत्येकाने आपलं मटण, आपली बाटली, आपली खुर्चीसुद्धा आणायची. विस्तव तेवढा घरवाल्याचा. तुम्ही त्याला 'ब्राय' म्हणायचात. गावाने त्याला साहेबांची शेकोटी असं नाव ठेवलं. मी हट्टाने डब्यात वरणभात घेऊन आले आणि तुमच्या सगळ्यांच्या मध्ये बसून तो खाल्ला. तू तोंडावर हात ठेवून हसत होतीस.

त्या वेळी किती माणसं होती तुमची! घरं पाच-सहा, शिवाय एकटेदुकटे. बाया, पोरं, एक म्हातारा पाद्री. सगळे त्या विस्तवाभोवती गोल करून बसायचे आणि तासन्तास काहीच शिजायचं नाही. आधी बाभळीचे ओंडके जाळायचे, जाळ खाली बसू द्यायचा, निखारे पसरायचे, मग कुठे मांस. पोरं भुकेने रडकुंडीला यायची. मी म्हणायचे, भूक लागल्यावर चूल पेटवायची ही कुठली रीत? आणि आमच्या मागच्या कुंपणावर हात टेकून सुमनचा नवरा रामदास हा तमाशा बघत असायचा. आठवतो? "एवढं लाकूड जाळता अन् त्याच्यावर एवढुसं मटन? एवढ्यात तं गावजेवन झालं असतं, बाई!" तुला तेव्हा एक अक्षर कळलं नव्हतं, तरी तूच सगळ्यात मोठ्याने हसलीस. पुढच्या शनिवारी त्याने आपल्या धुऱ्यावरची वाळलेली बाभूळ तोडून कुंपणावरून तुझ्या अंगणात टाकली. त्याआधी त्याने पऱ्हाटी देऊन पाहिली होती, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांची, जी आमच्या प्रत्येक घरामागे रचलेली असते आणि जिच्यावर आमचा वर्षभराचा स्वयंपाक होतो. तू तिला नाक मुरडलंस. नंतर वऱ्हाडी आल्यावर तू मला ते समजावलंस, "जाळ लय करते वं मंदाताई, पन इस्तो नाई होत तिचा." मला राग आला होता. आमच्या पऱ्हाटीला नावं ठेवणारी तू कोण?

मग मी एका शनिवारी गोवऱ्या घेऊन आले आणि तुझ्याच अंगणात रोडगे लावले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून ठेवताना तू उकिडवी बसून बघत होतीस. वर वांग्याची भाजी, तिखटजाळ. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक वाहत होतं आणि तू चौथा रोडगा फोडत होतीस. त्यानंतर अंगणाचा एक कोपरा माझा झाला. तुमच्यातला एक कडक नियम मला त्याच दिवशी कळला: ज्याने विस्तव पेटवला त्याच्याच हातात चिमटा, दुसऱ्याच्या विस्तवाला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, फुंकर मारायची नाही. यान मांस करपवायचा म्हणून तूच त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला होतास आणि त्याचे मित्र त्याला त्यावरून वर्षानुवर्षं चिडवत होते. माझ्या गोवऱ्यांना मात्र तू कधी बोट लावलं नाहीस.

हे सगळं चाललं होतं ती वर्षं आमच्याकडे वाईट होती, एल्सा. तुझ्या अंगणातल्या लोकांना ते माहीत नव्हतं असं नाही. बोंडं सडत होती, अळी लागत होती, आणि पंचक्रोशीत दर थोड्या दिवसांनी कोणीतरी जात होतं. आम्ही पेपर वाचणं सोडलं नव्हतं, फक्त तेवढं पान पटकन उलटायचो. शाळेत मी हजेरी घ्यायचे तेव्हा एखादं पोरगं मुंडण केलेलं डोकं घेऊन यायचं आणि बाकीची पोरं त्याच्याकडे बघायची नाहीत. सगळ्यांना सवय झाली होती. सवय झाली होती म्हणते, पण ते खरं नाही. सवय झाल्यासारखं करत होतो.

त्या शनिवारी दुपारी रामदास वावरात फवारणीचं औषध प्यायला. जीपमध्ये टाकून पांढरकवड्याला नेलं. सुमन सकाळपासून त्याच वावरात दुसऱ्या टोकाला निंदत होती. तिला धुऱ्याधुऱ्याने पळत यावं लागलं. दवाखान्याच्या दारातूनच भाऊकीतल्या माणसांनी तिला घरी परत पाठवलं. दिवेलागणीला निरोप आला की गेला. पोस्टमार्टम दुसऱ्या दिवशी, पोलिसांचे कागद झाल्यावर. तोवर मयत मिळणार नाही.

सुमनच्या घरातून रडण्याचा आवाज उठला आणि त्याच वाऱ्याबरोबर तुझ्या अंगणातून मटणाच्या चरबीचा वास माझ्या ओसरीत आला. एल्सा, तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. मी पाण्याची बादली उचलली आणि धावत आले. "विझव वं! रामदासभाऊ गेला, विझव!" तुमच्या लोकांच्या हातात ग्लास होते. तू माझ्याकडे बघितलंस, मग कुंपणाकडे, आणि तुला कळलं. एका क्षणात तू जाळीवरचं सगळं मांस परातीत काढून झाकलंस. तुमच्या भाषेत काहीतरी बोललीस आणि माणसं खाली मान घालून निघून गेली, खुर्च्या तिथेच टाकून. तिथवर तू शहाण्यासारखी वागलीस. मी बादली उचलली आणि तू माझं मनगट धरलंस.

"नाई," म्हणालीस. "विझवाचं नाई."

"मयत झालं तं चूल पेटत नाई इथं! त्याईच्या घरी नाई, शेजारीबी नाई. मयत उचलेलोक नाई!"

"मयत इथं हाय काय? मयत तिकडे हाय. इथं पोट्टे हाय. ते उपाशी हाय."

तुझी वऱ्हाडी तेव्हा जेमतेम होती, पण हे तू एका दमात बोललीस. मी तुझ्या हातून मनगट सोडवलं आणि बादली तिथेच आपटून ओट्यावर जाऊन बसले. तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवून तुझ्याकडेच बघत बसले. तू ते तीन पायांचं बिडाचं काळं भांडं निखाऱ्यावर चढवलंस. तांदूळ, तूरडाळ, बटाटे, हळद, मीठ. मांसाचा तुकडा नाही, कांदासुद्धा नाही, एवढं तुला न सांगता कळलं होतं. ढवळताना तुझे ओठ हलत होते. प्रार्थना असावी.

आमची रीत काय आहे ते मी तुला नंतर शंभरदा सांगितलं. मयत घरात असेपर्यंत चूल थंड. मयत गेलं, माणसं आंघोळ करून परतली, की शेजारचे भाकरी-पिठलं घेऊन जातात, आणि त्या घराने पहिला घास दुसऱ्याच्या हातचा खायचा. यात वाईट काय आहे? काहीच नाही. पण आमच्या रीतीला पोलीस आणि पोस्टमार्टम माहीत नव्हतं. सकाळी गेलेलं माणूस दुपारी जळायचं, तेव्हाची ती रीत. रामदासचं प्रेत पांढरकवड्यात बंद खोलीत पडलं होतं आणि इकडे घर भरत चाललं होतं. सुमनचं माहेर ढाणकीचं, तिथून जीप भरून माणसं आली. म्हातारी सासू, पोरगी पूनम, लहान पोरं. सगळ्यांच्या पोटात काही नाही आणि तसं म्हणायची कोणाला सोय नाही.

तू आणि यान ते भांडं काठीला अडकवून कुंपणाच्या फटीतून घेऊन गेलात. मी मागे आले. अंगणात सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोणी हात पुढे करेना. यान गोंधळून माझ्याकडे बघत होता. तू ताटलीत वाढलंस आणि थेट सुमनच्या समोर उकिडवी बसून ती तिच्या हातात दिलीस. काही बोलली नाहीस. सुमनने ताटलीकडे बघितलं. मला वाटलं फेकून देणार. आणि ती खायला लागली. मोठे मोठे घास घेऊन, भाजणारा भात फुंकायचंही भान नाही. ताटली रिकामी झाली तशी तू पुन्हा वाढलंस, तेही तिने संपवलं. मग पोरं जेवली, मग सगळेच जेवले. म्हाताऱ्या सासूने तेवढं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी रामदासला अग्नी दिला तेव्हाच गावात बोलणं फिरलं होतं. नवरा दवाखान्यात मरून पडला होता अन् ही जेवली. अन् तेही ब्राय का काय त्याच्यावरचं. सुमनच्या जावेने तर वावरात सगळ्या बायांपुढे विचारलं, "पोट भरलं होतं न वं त्या दिसी?" बाकीचं सगळं लोक विसरले. रामदास कसा होता, कुंपणावर हात टेकून किती हसवायचा, ते विसरले. हे राहिलं. सुमनने त्यानंतर चारचौघांत जेवणं सोडलं. लग्नाच्या पंगतीत बसायची नाही. निंदायला गेली की दुपारी बाकीच्या बाया झाडाखाली शिदोरी सोडायच्या आणि ही धुऱ्यापलीकडे जाऊन, पाठ करून, दोन घास गिळून यायची.

हे तुला कोणी सांगितलं? मीच. रागात सांगितलं. "पाह्य, तुह्या इस्त्यानं काय केलं तिचं." तू तेव्हा मक्याचं पीठ घोटत होतीस, तुमचं ते घट्ट उकडलेलं पीठ, ज्याला तुम्ही 'पाप' म्हणता आणि ज्याच्या नुसत्या नावाने सासूबाईंनी कानाला हात लावले होते. तुझा हात थांबला. मग पहिल्यांदा मला तुझ्या बापाचं सांगितलंस.

तुझा बाप मक्याचा शेतकरी होता हे मला माहीत होतं. दुष्काळात त्याने गोठ्यामागे जाऊन स्वतःला गोळी घातली होती, हे माहीत नव्हतं. तू पूनमएवढी होतीस. आजूबाजूच्या शेतांवरच्या बाया आल्या, कोणाला न विचारता घरामागे विस्तव पेटवले, त्यावर भांडी चढवली, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला खायला घालत राहिल्या. कोणीतरी तुझ्या हातात ताटली दिली. तू खाल्लंस. आणखी मागितलंस. "मले लय भूक लागली होती वं," म्हणालीस. "बाबा मेला अन् मले भूक लागली." कोणी तुला काही बोललं का, असं मी विचारलं. "नाई. कोनीच नाई बोललं. मीच बोलते मले. अजूनबी बोलते." मग म्हणालीस, "पन ते ताट नसतं भेटलं तं मी मेली असती." तुझ्या भांड्यातलं पीठ खाली लागलं होतं, त्याचा वास येत होता.

त्या दिवसापासून तुला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. सुमनला तुझा राग आहे का. तिच्या हातात ताटली देऊन तू तिला जगवलंस, की तुझ्याच बापाच्या दिवशीचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवलंस. तू दुधाची खीर घेऊन तिच्याकडे गेलीस. वाटी परत आली, पूनमच्या हाती, घासूनपुसून, रिकामी. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान साखरेची चिमूट तरी घालतात, हे मीच तुला शिकवलं होतं. तू ती वाटी हातात धरून कितीतरी वेळ उभी होतीस. मी म्हटलं, विसरली असेल. तू म्हणालीस, "असंन." तुझा चेहरा मात्र पार उतरला होता.

आणि आपलं भांडण सुरूच राहिलं. मी म्हणायचे, तू तिला सगळ्यांसमोर ताट दिलंस तिथे चुकलीस. माझ्याकडे द्यायचं होतंस. मी तिला आतल्या खोलीत नेलं असतं, दार लोटलं असतं, आणि घास भरवला असता. कोणाला कळलं नसतं. तू उसळायचीस. "दार कायले लोटाचं? भूक लागनं म्हंजे चोरी हाय काय?" तरीही तुझं बरोबर होतं असं मला वाटत नव्हतं. तुला गावात राहायचं नव्हतं, एल्सा. सुमनला राहायचं होतं. आडोसा करणं ही पण माया असते, हे तुला मी कधीच पटवू शकले नाही. नंतर गावात आणखी मयतं झाली. तू भांडं घासून तयार ठेवायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी डबा करून पदराखाली धरून न्यायचे आणि पोरांना मागच्या खोलीत भरवून यायचे. तू म्हणायचीस, "तू चोर हाय." मी म्हणायचे, "हो, मी चोर हाय, पन त्याईचं नाव तं राह्यते." दोघी एकमेकींवर चिडायचो आणि दुसऱ्या दिवशी चहाला एकत्र बसायचो.

तुमची माणसं एकेक करून गेली. काहींची कामं संपली, काहींना दुसऱ्या देशात पाठवलं. पाद्री मायदेशी परतला तेव्हा तू दिवसभर दार उघडलं नाहीस. शनिवारी खुर्च्या कमी होत गेल्या. शेवटी यान, त्याचे दोन मित्र, तू आणि कोपऱ्यात गोवऱ्या घेऊन मी. विस्तव मात्र तू तेवढाच मोठा करायचीस. आम्ही पाच माणसं आणि समोर गावजेवणाचे निखारे. तू मांसाला हातही लावायची नाहीस पुढे पुढे, आणि सारखं कुंपणाकडे बघायचीस. सुमनच्या कौलातून धूर निघत असायचा. "तिच्या मनात काय हाय वं, मंदाताई?" मी म्हणायचे, तूच विचार. "मले भेव वाटते." तुला! त्या वेळी माझं मनगट धरून ठेवणाऱ्या बाईला!

साधा ताप म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तुला. मी भेटायला आले तेव्हा तू सलाइनच्या नळीशी भांडत होतीस आणि तिथल्या खिचडीला आपण गावात देतो त्यातली सगळ्यात घाण शिवी दिलीस. नर्स हसून बाहेर गेली. मग तू डोळे मिटलेस आणि विचारलंस, "सुमन आली काय?" मी म्हटलं, नाही. तू मान हलवलीस, जसं काही मला बसची वेळ विचारली होती. आपलं शेवटचं बोलणं एवढंच.

यानने तुला नागपूरला न्यायच्या आधी घरी आणलं. गावाने बघावं म्हणून अंगणात थोडा वेळ ठेवलं. माणसं येऊन गेली, शाळेतल्या पोरांनी फुलं ठेवली. सुमन कुंपणापाशी आली. डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिली. मी तिला हाताने बोलावलं. ती आत आली नाही. गाडीचं दार लागलं तशी वळून घरात गेली. मला तिचा इतका राग आला, एल्सा, की तुझ्यासाठी रडायचंही राहून गेलं.

संध्याकाळी यानच्या दोघा मित्रांनी तुझ्या अंगणात विस्तव पेटवला. मला विचारलं, चालेल का. मी काय सांगणार? तुमचं माणूस, तुमची रीत, तुमचा विस्तव. मी खुर्ची घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझ्या मांडीवर ताटली ठेवली, मला एक घास गिळवला नाही. तेही फारसं जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सुमनकडे भांडायला गेले. खरंच भांडायलाच. दोन पावलं आत यायला काय झालं होतं तुला, मेलेल्या बाईशी कसला अबोला, असं सगळं तोंडावर आणून ठेवलं होतं. पूनम, आता चांगली कॉलेजात जाणारी, दारात बसून केस विंचरत होती. मी म्हटलं, चहा टाक आधी. ती उठली नाही.

"चूल नाई पेटवाची म्हने माय. कालपासून नाई पेटवली."

मी स्वयंपाकघरात डोकावले. चुलीत राखसुद्धा नव्हती, सारवून टाकलेली. सुमन भिंतीला टेकून बसली होती.

"काहून वं? बरं नाई काय?"

"मयत झालं न, मंदाताई."

"ते तं एल्साकडे झालं."

"हो. मंग?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. "घरचं मयत असलं का पेटवते काय कोनी?"

मी तिथेच खाली बसले. भांडण कुठल्या कुठे गेलं. सुमन बोलत होती, माझ्याकडे न बघता. "त्या दिसी मी सकाळपासून वावरात होती. पानीबी नोतं पेलं. नवरा मेला अन् माह्या पोटात आग पडली होती. मले वाटे, मी बाई हाय का राक्षसीन हाय. कोनाले सांगाव? एल्साबाईनं ताट देल्लं अन् काई इचारलं नाई. रडली नाई, का समजावलं नाई. नुसती वाढत राह्यली. सारं गाव होतं अंगनात, पन मले भूक लागली हे तिलेच समजलं."

"मंग हे तिले काहून नाई सांगतलं वं सुमन? वाट पाहून पाहून गेली ते."

"कसं सांगू? तिले पाह्यलं का मले तोच दिवस दिसे."

एवढंच. यात राग कुठेच नव्हता, एल्सा. ती चुकवत होती ती तुला नाही, त्या दिवसाला. इतकी वर्षं दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून एकाच भुकेला घाबरत होतात आणि मध्ये मी, दोघींशी बोलणारी, मला काहीच दिसलं नाही. तू असतीस तर आत्ता चिडली असतीस, मला माहीत आहे. म्हणाली असतीस, माझ्यासाठी चूल विझवून बसते काय ही बया, पेटव म्हणावं आधी! तुला हे मानाचं वाटलं नसतं. आमच्याकडे याहून मोठा मान नाही, हे तुला कोणी समजावून सांगायचं?

मयत तर आदल्या दिवशीच गेलं होतं, तिच्याकडे भाकरी घेऊन मात्र कोणी आलं नव्हतं. मी घरी आले. ज्वारीच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, कांदा फोडला, आणि टोपली उघडीच डोक्यावर घेऊन रस्त्याने सुमनकडे गेले, कुंपणाच्या फटीतून नाही. तिला आतल्या खोलीत नेलं नाही. ओट्यावरच ताट मांडलं. बाया बोअरिंगवरून पाणी घेऊन चालल्या होत्या, त्यांच्यात तिची जाऊही होती. तिने विचारलं, "काय झालं वं, सुमनच्या घरी भाकरी कायले?" मी म्हटलं, "मयताच्या घरी नेतात तशी आनली." ती हंडा घेऊन उभी राहिली. सुमनने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग भाकरीचा तुकडा मोडला.

ती जेवली, एल्सा. तोंड रस्त्याकडे करून, पोटभर जेवली.